मित्रमंडळाच्या सौजन्याने

"पुस्तक चांगलं आहे, पण त्यात चांगला माणूस एकही नाही," असा अभिप्राय भोकरदनच्या एका निवृत्त गुरुजींनी दिला आहे. पुस्तक मुनव्वर शहाचं, 'येस, आय ॲम गिल्टी'. येरवड्यात फाशीची वाट बघणाऱ्या कैद्यानं लिहिलेली ही आत्मकथा. तीत गुरुजी चांगला माणूस शोधत बसले आणि तो सापडला नाही म्हणून नाराज झाले. शाळा सुटली तरी मूल्यशिक्षणाचा तास काही सुटत नाही.

मेडिकलवाल्या भाऊंची तऱ्हा वेगळी. "मला तर सुरुवातीलाच कळलं, यांनीच केलं म्हणून!" ज्या पुस्तकाच्या वेष्टनावरच लेखकानं गुन्हा कबूल केला आहे, त्यातला गुन्हेगार ओळखून दाखवणारा वाचक आपल्या तालुक्यात आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. पोलिसांना हे भाऊ 1976 साली मिळायला हवे होते.

नव्या पोरांना हे प्रकरण वेब सीरिजचं वाटतं, म्हणून थोडक्यात सांगतो. पुण्याच्या टिळक रोडवर अभिनव कला महाविद्यालय आहे. तिथली ही मित्रांची टोळी: राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा. जानेवारी 1976 मध्ये पहिला बळी गेला तो कॉलेजातल्याच ओळखीच्या मुलाचा. प्रेत लोखंडी पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकलं, आणि बापाकडे खंडणीची चिठ्ठी पाठवली. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर विजयनगर कॉलनीतलं जोशी कुटुंब संपवलं. डिसेंबर उजाडताच भांडारकर रोडवरच्या अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच माणसं मारली, त्यात घरकाम करणारी बाईही होती. मार्च 1977 मधला शेवटचा खून धरून दहा जीव गेले. दिवस आणीबाणीचे होते. देशाला शिस्त लागली असं सांगितलं जात होतं आणि पुणं दिवेलागणीला कड्या लावून घरात बसत होतं. पुढं टोळीतलाच एक मित्र माफीचा साक्षीदार झाला, 1978 मध्ये चौघांना फाशीची शिक्षा झाली आणि 1983 मध्ये येरवड्यात ती अंमलात आली.

त्या वेळी भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होतं; जालना जिल्हा व्हायला 1981 उजाडावं लागलं. पुणं आमच्यापासून तेव्हा फार लांब होतं आणि मतांच्या बाबतीत अजूनही लांबच आहे. "पुण्यात असंच राहतं भाऊ, शेजारच्याला शेजारी वळखत नाही. आपल्याकडं असं होत नाही," हे मत बसस्टँडवर फार चालतं. आपल्याकडं सगळे सगळ्यांना ओळखतात, हे खरंच आहे. पण जक्कल आणि मंडळींनीही पहिला बळी ओळखीतलाच घेतला होता. अनोळखी माणूस इतक्या सहज बरोबर येत नाही.

महिला वाचकांत मात्र एकमत आहे. "काहून बरं, यांच्या आया काय करत होत्या?" रात्री-बेरात्री पोरं येतात, हातात पैसा दिसतो, तरी आईनं विचारलं नाही? प्रश्न रास्त आहे. फक्त तो विचारणाऱ्या एकीनंही बापाचा पत्ता विचारला नाही. बाप बहुधा पुस्तक वाचत बसला असावा.

आता मुख्य मत, जे स्त्री-पुरुष, शिकलेला-अडाणी, दोन्ही काँग्रेस आणि दोन्ही शिवसेना या सगळ्यांना मान्य आहे. पोरं मुळात वाईट नव्हती, संगत वाईट होती. मुनव्वरला जक्कलची संगत लागली. सुताराला लागली, जगतापला लागली. बरं, जक्कलला कोणाची लागली? तर म्हणे, या तिघांची असंल. म्हणजे हिशेब असा झाला, की चारही घरांतला मुलगा चांगला आणि चारही घरांच्या बाहेर वाईट संगत उभी. मग ही संगत राहत होती कुठं? तिचं रेशनकार्ड कोणत्या वॉर्डात होतं? मराठी माणसाच्या इतिहासात सगळ्यात जास्त गुन्हे या संगतीच्या नावावर आहेत आणि आजवर तिला एकदाही अटक झालेली नाही. दारू तिनंच पाजली, दहावीला कॉपी तिनंच पुरवली, मटका तिनंच लावला, पळून जाऊन लग्न तिनंच लावून दिलं. प्रत्येक घराला दुसऱ्याचा मुलगा ही संगत वाटते आणि त्या दुसऱ्याच्या घरी आपल्या मुलाचं नाव निघालं की आपण ताडकन उठतो.

कायद्याला हे लाड माहीत नाहीत. दंडविधानाचं कलम 34 सांगायचं, की अनेकांनी मिळून एकाच इराद्यानं गुन्हा केला, तर तो जणू एकट्यानंच केला असं धरून प्रत्येकावर जबाबदारी येते. चौघांत पाव-पाव अशी वाटणी नाही, प्रत्येकाच्या पदरात पूर्ण. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत होतो, तर अभ्यासिकेतला पीएसआयची तयारी करणारा एक मुलगा मान वर न करता म्हणाला, "काका, जुनं झालं. 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता. कलम 3, पोटकलम 5." मी पुस्तकाबद्दल त्याचं मत विचारलं. "सिलॅबसला नाही," म्हणाला. आतापर्यंत ऐकलेल्या मतांत हेच सगळ्यात प्रामाणिक.

मुनव्वरबद्दल मात्र सगळ्यांना हळहळ. "बिचारा मनातून खचला होता." "त्याला पश्चात्ताप झाला होता हो." जक्कलबद्दल कोणी हळहळत नाही, सुतार-जगताप तर कोणाला आठवतही नाहीत. कारण साधं आहे. मुनव्वरनं पुस्तक लिहिलं, बाकीच्यांनी लिहिलं नाही. मराठी वाचकाच्या कोर्टात लेखकाला निम्मी शिक्षा तिथंच माफ होते. आपल्या 1872 च्या पुरावा कायद्यानं न्यायाधीशाला बजावून ठेवलं होतं, की सहगुन्हेगार भरवशाचा नाही असं धरून चालायला हरकत नाही, महत्त्वाच्या बाबींत त्याच्या बोलण्याला दुजोरा बघा. आपण मात्र पानामागून पान एकाच आरोपीचं ऐकतो, बाकीचे तिघं कसे होते हे त्याच्याच तोंडून समजून घेतो आणि पुस्तक मिटताना डोळे पुसतो. पश्चात्ताप खोटा होता असं मी म्हणत नाही. तो खरा असेलही. पण जक्कलला लिहिता आलं असतं, तर मुनव्वर त्याच्या पुस्तकात 'वाईट संगत' म्हणून आला असता, एवढं मला पक्कं वाटतं.

आणि एक बोचणारी गोष्ट. मारले गेलेले काशिनाथशास्त्री अभ्यंकर हे संस्कृत व्याकरणाचे मोठे पंडित. व्याकरणाच्या संज्ञांचा त्यांनी केलेला कोश अभ्यासक आजही उघडतात. खुन्याचं पुस्तक आमच्या तालुक्यापर्यंत येऊन हातोहात फिरलं. पंडितांच्या कोशाची चौकशी कोणी केल्याचं ऐकिवात नाही. एका वाचकाला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "असंल, पण त्यात थरार नसंल ना."

न वाचता मत देणाऱ्यांचा वर्ग तर सर्वांत मोठा. त्यांनी 1986 चा 'माफीचा साक्षीदार' पाहिलेला असतो. "नानानं काय काम केलंय राव!" जक्कलच्या भूमिकेत नाना पाटेकर होता, तेवढं पुरेसं. याच प्रकरणावरून अनुराग कश्यपनं 'पाँच' काढला. तो सेन्सॉरमध्ये अडकला आणि वर्षानुवर्षं डब्यातच राहिला. त्यामुळं त्याच्याबद्दल सगळ्यांचं मत उत्तम आहे.

मुद्दा मित्रांचा आहे, आणि मित्र म्हटलं की भोकरदनात आधी फ्लेक्स आठवतो. वर भाऊंचा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांच्या ओळी आणि तळाला '… मित्र मंडळ'. हे गाव जुनं भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दान दिलं आणि दगडावर नाव-गाव कोरून घेतलं. माझं दान, माझं नाव, मी भोगवर्धनचा. दान देताना नाव पुढं करायची हौस आपली तेव्हापासूनची आहे. उत्खननात हस्तिदंताची जी स्त्रीमूर्ती इथं निघाली, तिच्यासारखी मूर्ती थेट इटलीतल्या पाँपेईत सापडली. एवढा लांबचा व्यापार करणारं हे गाव. आज वाढदिवसाला, जयंतीला, रक्तदानाला शंभर फोटो मिळतात. पण रात्री नदीतली वाळू गेली, की सकाळी अख्खं गाव गाढ झोपेत होतं. डीजेच्या भिंतीनं कोणा म्हाताऱ्याला धाप लागली, की डीजे सांगणारा कोणीच नव्हता, तो आपोआप आला. पुण्याच्या पोरांनी मित्रमंडळ काढलं नाही ही त्यांची चूक. नोंदणी असती तर 'मंडळाचा याच्याशी संबंध नाही' असं पत्रक तरी काढता आलं असतं.

आता या पुस्तकाचं तालुक्यातल्या एका वाचनालयात काय झालं ते ऐका. पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात गेलं आणि परत आलं तेव्हा शेवटची पानं फाडलेली. ग्रंथपालांनी रजिस्टर काढलं. ज्यांनी ज्यांनी नेलं त्या सगळ्यांना बोलावलं. गुरुजी आले, मेडिकलवाले भाऊ आले, आयांचा पत्ता विचारणाऱ्या ताई आल्या, 'सिलॅबसला नाही' म्हणणारा मुलगाही निघाला. प्रत्येकाचं म्हणणं एकच, "माझ्याकडं आलं तेव्हाच फाटलेलं होतं." पहिल्यांदा नेणाऱ्याचंही हेच म्हणणं.

ग्रंथपाल म्हणाले, "ठीक आहे. मग दंड सगळ्यांना."

"वाटून ना?" भाऊंनी विचारलं.

"नाही. प्रत्येकी पूर्ण."

एकच गिल्ला झाला. हा अन्याय आहे, ही हुकूमशाही आहे, तहसीलदारांकडं जाऊ, पेपरात देऊ. गुरुजी तर थरथरत होते, चाळीस वर्षं पुस्तकं हाताळली, म्हणाले. मुलानं तेवढं कलम 3 चं पोटकलम 5 काढलं नाही. वाद काही मिटेना, तेव्हा ग्रंथपालांनी शेवटचं सांगितलं, "ज्यानं फाडलं त्याचं नाव जो कोणी सांगेल, त्याचा दंड माफ. नाव गुप्त राहील."

वाचनालय संध्याकाळी बंद होईपर्यंत सगळे एकेकटे येऊन गेले. प्रत्येकानं वेगळं नाव सांगितलं.