टूलरूमवाले अप्पा

पिंपरी-चिंचवडमध्ये माणसाला आडनावाच्या आधी डिपार्टमेंट चिकटतं. लग्नाच्या पंगतीत ओळख करून देताना नुसतं नाव सांगून कुणी थांबत नाही. 'हे पेंटशॉपचे', 'हे स्टोअर्सचे', 'हे हीट ट्रीटमेंटचे, मागच्या वर्षी बायपास झाली' एवढं झाल्याशिवाय वाढपी पुढे सरकत नाही. कंपनी कोणती, हे मात्र विचारायचं नसतं. 'कंपनी' एकच असते. जो बोलतोय त्याची. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनच्या कारखान्याची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी जन्माला आली, १९६६ साली टेल्कोनं पाऊल टाकलं आणि बाजरीच्या रानात भोंगे वाजू लागले. त्या भोंग्यावर ज्यांनी घड्याळं लावली, त्या पिढीतले आमचे निगडीचे अप्पा.

अप्पा टूलरूमचे. कारखान्याच्या मानपानात टूलरूम म्हणजे वरपक्ष. बाकीचे लोक पार्ट काढतात. पार्ट ज्या डायमधून निघतो ती डाय टूलरूमवाला करतो. त्यामुळे जगात जे जे काही वाकडं आहे ते दुसऱ्या डिपार्टमेंटमुळे, अशी त्याची जन्मभराची खात्री असते. तो मायक्रॉनमध्ये जगतो. आमच्या घरी अप्पा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी चौकटीवरून बोट फिरवलं आणि चपला काढायच्या आधी म्हणाले, "दोन एमएम आउट आहे." दार गेली अकरा वर्षं नीट लागत होतं, त्या दिवसापासून ते करकरायला लागलं. पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाट धरलेल्या मामाला "डावी बाजू अर्धा इंच वर" असं त्यांनी सांगितलेलं मी या कानांनी ऐकलंय. मामानं ती घेतलीही.

अशा माणसानं चाळीस वर्षं काय केलं? मुख्यतः डावा दरवाजा. डाव्या दरवाजाच्या डाय त्यांच्या हातून गेल्या. उजवा दरवाजा शेजारच्या बेमधले लोक करत, आणि त्यांच्याशी अप्पांचं फारसं नव्हतं. रस्त्यावरून गाडी गेली की अप्पा तिच्या डावीकडून बघत. अख्खी गाडी आपली म्हणावी अशी त्यांच्या वाट्याला आली ती एकच, आणि तीही जुन्नरकडच्या एका डॉक्टरांच्या गोठ्यात.

ती १९६६ ची स्टँडर्ड हेराल्ड. मुळात इंग्लंडातली ट्रायम्फ हेराल्ड. चेहरामोहरा मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसानं काढलेला, आणि आपल्याकडे मद्रासला १९६१ पासून स्टँडर्डच्या नावानं तयार होणारी. इंजिन ९४८ सीसी. बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, म्हणजे मेस्त्रीला चाकावर बसून काम करता येतं. वळायला पंचवीस फुटांचा घेर पुरतो. अप्पा बघायला गेले तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी खुडूक बसलेली होती. डॉक्टर म्हणाले, "पिल्लं निघू देत, मग न्या." अप्पा एकवीस दिवस थांबले. "जॉब मशीनवर चढवलेला असताना काढायचा नसतो," एवढंच त्यांचं म्हणणं.

हेराल्डचं छप्पर बोल्टवर बसवलेलं असतं. यामागे इतिहास आहे आणि तो अप्पा प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी दाबून देणारा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्ध्यांनी विकत घेतला. अख्खी बॉडी एकसंध दाबून मिळेना, म्हणून त्यांनी चासी वेगळी ठेवली आणि बॉडीचे तुकडे तिच्यावर बोल्टनं आवळले. "व्हेंडर हातचा गेला म्हणून ही गाडी जन्मली," असं म्हणताना अप्पांचे डोळे पाणावतात. लग्न मोडल्यामुळे कुणी संत झाला, अशी गोष्ट सांगताना कीर्तनकाराचे पाणावतात तसे. तर ते बोल्ट अप्पांनी काढले, छप्पर उतरवलं, आतून पट्ट्या देऊन बॉडी मजबूत केली आणि टांग्यासारखा उघडमिट होणारा कापडी टप चढवला. तेव्हापासून गाडीला घरात 'टपवाली' म्हणतात. काकू काय म्हणतात ते वेगळं.

मग आला ३ जून २०२०. दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. त्या दिवसांत जिल्ह्याची हद्द ओलांडायला माणसाला ई-पास लागत असे; वादळानं तो न काढताच घाट ओलांडला. वादळ येणार हे आदल्या दिवसापासून टीव्ही सांगत होता, आणि सकाळपासून आभाळ भरलेलं. काकूंनी गच्चीवरचं वाळवण शेडमध्ये हलवलं: पापड, कुरडया, सांडगे, शिवाय लॉकडाऊनच्या धास्तीनं भरलेला वर्षाचा गहू. त्यासाठी टपवाली ढकलून बाहेर काढावी लागली. अप्पांनी हरकत घेतली तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, तिला टप आहे. पापडांना आहे का?" यावर टूलरूमकडे उत्तर नव्हतं.

बाहेर गुलमोहर होता. गुलमोहर दिसायला राजबिंडा, पण हाडाचा ठिसूळ. दुपारनंतर कधीतरी धाडकन आवाज आला, आणि आम्ही खिडकीतून पाहिलं तर टपवाली लालभडक फुलांनी नखशिखान्त मढलेली. क्षणभर वाटलं, वरात निघालीय. मग फांदीचं बूड दिसलं. टपाच्या कमानी छत्री उलटावी तशा मोडलेल्या, कापड उभं फाटलेलं, बॉनेटला परातीएवढा खड्डा आणि आत सीटपर्यंत पाणी.

दुसरा कुणी असता तर फांदी ओढत सुटला असता. अप्पा तोंडाला मास्क लावून बाहेर आले, गाडीभोवती सुतळी बांधली आणि आरशाला लाल कागद अडकवला: 'होल्ड. हात लावू नये.' मग मला हाक मारली. मी बँकेतला. अप्पा मला नावानं हाक मारत नाहीत. "ए बँक, वही घेऊन ये." मी वही आणली. अप्पा म्हणाले, "लिही. व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस."

ज्यांनी कंपनीत दिवस काढले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. ही जपानी पद्धत. बिघाड झाला की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतं. टप का मोडला? फांदी पडली. फांदी का पडली? वारा सुटला. वारा सुटूनही मोडतोड का टळली नाही? गाडी बाहेर होती. गाडी बाहेर का? शेडमध्ये जागा नव्हती. जागा का नव्हती? अप्पांनी पेन्सिल थांबवली आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून आवाज आला, "सहावा 'का' पण लिहा. मुळात गाडी घेतलीच का?" त्या दिवशी जपानी पद्धत पाचावर थांबली.

विम्याचा प्रश्न मी काढला, कारण तो माझ्या डिपार्टमेंटचा. तर अप्पांचा विमा फक्त थर्ड पार्टी. मी कपाळाला हात लावला. संपूर्ण विम्यात वादळ, पूर, गारपीट सगळं धरलेलं असतं हो, म्हटलं. पण थर्ड पार्टीत आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तरच पैसे. "म्हणजे," अप्पा विचार करून म्हणाले, "गाडी झाडावर पडली असती तर मिळाले असते?" झाडाला, असं मी स्पष्ट केलं. संपूर्ण विमा त्यांनी का काढला नव्हता? त्यात जुन्या गाडीच्या पत्र्याची किंमत घसाऱ्यापोटी निम्मी धरतात आणि रबराचीही निम्मी. "माझ्या पत्र्याला पन्नास टक्के?" अप्पा म्हणाले होते. "पत्रा बघितलाय का त्यांनी?"

फांदी निघाल्यावर कॉलनीतली सगळी निवृत्त कंपनी सहा-सहा फुटांवर उभी राहून पाहणीला आली. पेंटशॉपवाल्यांना फक्त ओरखडे दिसले. प्रेसशॉपवाले बॉनेटच्या खड्ड्यापाशी गेले आणि तिथून हलले नाहीत. स्टोअर्सवाले म्हणाले, "इंडेंट भरलाय का?" क्वालिटीवाल्यांनी मान हलवली, कारण त्यांनी जन्मभर तेवढंच केलं होतं. गाडी एक, पण सहा जणांनी सहा गाड्या पाहिल्या, आणि प्रत्येकाचं निदान एकच निघालं: आपल्या डिपार्टमेंटला हात लावावा लागेल, आणि बाकीचं सोपं आहे. अप्पांनी सगळ्यांना चहा पाजला आणि एकालाही सुतळीच्या आत घेतलं नाही.

पुढे सोळा महिने चाललं. सीटमध्ये नारळाचा काथ्या भरलेला होता. तो ओला राहिला आणि पंधरवड्यात त्याच्यावर अळंबी उगवली. काकूंनी ती भाजीची आहे का, हे दुरून विचारलं. बॉनेटचा खड्डा अप्पांनी लाकडी हातोडी आणि डॉली घेऊन रोज दीड तास, असा दोन महिने काढला. पहाटे ठोकायचे नाहीत. सकाळी फर्स्ट शिफ्ट संपल्यागत अकराला थांबायचे. मी हेल्पर. माझं काम पलीकडून डॉली धरायचं आणि बोलायचं नाही. हात हलला की, "बँक, व्याजदर नाही हा. स्थिर धर."

कमानींच्या बिजागऱ्या आम्ही कुदळवाडीत शोधल्या. चिखलीजवळच्या कुदळवाडीत तेव्हा भंगाराची गोदामं पसरलेली होती. चाकण-भोसरीत जे जे रिजेक्ट व्हायचं ते फिरून तिथे यायचं. अप्पा तिथे देवळात फिरावं तसे फिरत. एका ढिगातून त्यांनी प्रेस केलेला पत्र्याचा तुकडा उचलला, उलटसुलट केला आणि कपाळाला लावला. डाव्या दरवाजाचा होता. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेनं ती बांधकामं पाडली, तेव्हा अप्पा तीन दिवस गोड खात नव्हते.

खरी परीक्षा टपाच्या कापडाची. मोठ्या दुकानांनी हात वर केले. शेवटी भोसरीत रिक्षाची हुडं शिवणारा एक कारागीर मिळाला. अप्पांनी त्याच्यापुढे ड्रॉइंग पसरलं: फर्स्ट अँगल, तिन्ही व्ह्यू, टॉलरन्स अर्धा एमएम. त्यानं कागद नीट पाहिला, उलटा केला आणि पाठीमागे खडूनं बायकोचा मोबाइल नंबर लिहिला. मग गाडीवर दोन वेळा वीत टाकली.

"एमएममध्ये घे," अप्पा म्हणाले.

"काका, कापड आहे. लोखंडासारखं नाही, ते जीव धरतं. उन्हात एक, पावसात एक. मी त्याला जरा श्वास ठेवतो."

"श्वास म्हणजे किती?"

"तो शिवताना कळतो."

आठ दिवसांनी टप चढला. अप्पांनी फिलर गेज घेतलं आणि काचेच्या चौकटीभोवती फिरवलं. सगळ्यात पातळ पातंही कुठे आत जाईना. अप्पा काही बोलले नाहीत. घरी गेले, कपाट उघडलं आणि १९६६ साली अ‍ॅप्रेंटिस म्हणून मिळालेली सहा इंची स्टील पट्टी आणून त्याच्या हातावर ठेवली. ती पट्टी त्यांनी पोटच्या मुलाला कधी हाताळू दिलेली नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा कारागीर म्हणाला, "काका, पट्टी भारी आहे. पाठ खाजवायला बरी पडते." अप्पा दिवसभर गप्प होते.

मुलगा चाकणला एका कारखान्यात आहे. तिथे रोबो वेल्डिंग करतात आणि मिनिटांच्या हिशेबात गाड्या बाहेर पडतात. तो म्हणाला, "बाबा, तुमचा सायकल टाइम सोळा महिने." अप्पा म्हणाले, "रिजेक्शन सांग." मुलगा उठून गेला. २०२१ च्या जुलैत केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले, नंबरात व्हीए अक्षरं घालायचे. ते मी वाचून दाखवले. अप्पा उखडले. "ही आणि मी एका साली लागलो. ती व्हिंटेज, तर मी कोण?" शिवाय त्या नोंदणीत गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. दोन्ही अटी अप्पांना व्यक्तिशः लागल्या.

खंडेनवमीला गाडीची पूजा व्हायची होती, म्हणून नवरात्रात ट्रायल ठरली. निगडी, तळवडे, म्हाळुंगे, चाकण आणि परत. ऊन स्वच्छ होतं, टप मागे दुमडलेला. अप्पांच्या अंगात पांढरा शर्ट, हातात कंपनीचं निवृत्तीचं घड्याळ. इंद्रायणीच्या पुलावर त्यांनी वेग चाळीसवर नेला आणि डावीकडच्या दरवाजाला हात लावून म्हणाले, "आवाज नाही." हा दरवाजा मद्रासचा होता, तरी.

चाकणच्या तळेगाव चौकात आम्ही अडकलो. या चौकात अडकणं ही घटना नव्हे, हवामान आहे. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला नव्याकोऱ्या गाड्या दोन मजल्यांवर वाहणारा ट्रेलर. आणि बघता बघता परतीच्या पावसाचं आभाळ काळं झालं. टपोरे थेंब पडायला लागले.

मी मागे वळलो. "अप्पा, टप ओढू?"

"हात लावू नकोस!"

"अहो, पण पाऊस..."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? नवीन आहे तो. भिजेल."

असं म्हणून त्यांनी सीटखालचा रेनकोट काढला, दुमडलेल्या टपावर पसरला आणि चारी कडा नीट खोचल्या. मग पुन्हा स्टिअरिंग धरून ताठ बसले. पाऊस धो धो सुरू झाला. शर्ट अंगाला चिकटला, चष्म्यावरून पाण्याची धार लागली. शेजारी एक रिक्षा येऊन थांबली. तिच्या हुडाची शिवण मी ओळखली. आमच्याच भोसरीच्या कारागिराची. आत कोरडीठाक बसलेली एक बाई वाकून आमच्याकडे बघायला लागली. बराच वेळ बघून झाल्यावर तिनं हळहळून विचारलं, "काका, टप बिघडलाय का हो?"

अप्पांनी तिच्याकडे मान वळवली. नाकावरून थेंब पडला. एखाद्या डाव्या दरवाजाला कुणी उजवा म्हणावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"चालू आहे," अप्पा म्हणाले. "एकदम चालू कंडिशन."