माजी कॅप्टन

नेरडीगोंड्याच्या बसथांब्यावर फोन कानाला लावून दुसऱ्या हातानं हवेत नसलेला पाना फिरवणारा तरुण दिसला, तर घाबरू नका. तो इंजिनिअरिंग कॉलेजच्या 'बाहा' टीमचा, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धेतल्या टीमचा, माजी कॅप्टन आहे. शेवटचा पेपर देऊन चव्वेचाळीस नंबरच्या हायवेनं गावी आला. गाडी कॉलेजात राहिली, कॅप्टनकी मात्र बॅगेत आली.

"अन्ना, मागचं चाक लॉक होईना," पलीकडून ज्युनियर रडवेला. बाहात ब्रेक दाबल्यावर चारही चाकं लॉक झाली नाहीत, तर चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीत गाडी उतरवूच देत नाहीत.

"मास्टर सिलिंडरमागं वॉशर आहे बघ."

"ड्रॉइंगमध्ये नाही, अन्ना."

"कसा असेल? आदल्या रात्री बसवला ना मी!"

निघताना हँडओव्हर केला नाही असं नाही. पेन ड्राइव्ह दिला. त्यात 'फायनल', 'नवीन फायनल', 'हेच खरं फायनल' आणि 'हे उघडू नको' अशी चार फोल्डर. गाडी चौथ्यातून बनली होती.

हँडओव्हर असाही असतो: पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयं' हा उपग्रह २००८ साली हाती घेतला. तो उडाला २२ जून २०१६ला, पीएसएलव्ही-सी३४ वरून. वजन किलोभर, पण तो उडेपर्यंत बॅचमागून बॅच बाहेर पडली. जाणाऱ्यानं येणाऱ्याला नीट समजावल्याशिवाय हे जमेल का? हे अन्नाला सांगून पाहिलं. "लिहायला काय, कुणीही लिहील," तो म्हणाला, "करणारा लागतो!"

टीमला भरलेली वर्गणी त्यानं परत मागितली नाही, हा त्याचा मोठेपणा. फक्त सस्पेन्शनचा जुना आर्म मागून आणला आणि घरच्या भिंतीवर टांगला. आई त्यावर टॉवेल वाळत घालते. पाहुणे आले की कुंटाला धबधबा दाखवायला न्यायचं काम आता धाकट्याकडे. खाली उतरल्यावर रेंज गेली आणि तेवढ्यात टीमचा फोन आला तर?

एकदा दिवसभर फोन आला नाही. रात्री यानंच लावला.

"ब्रेकचं काय?"

"झालं, अन्ना. तो वॉशर काढून टाकला, पेडलच नव्यानं बसवलं. चारी चाकं लॉक!"

अन्नानं घसा साफ केला.

"ती आयडिया माझीच होती. 'हे उघडू नको'मध्ये बघ."