सातबारा, 15 रुपये फक्त

आमच्या घरात ‘ऑनलाइन’ खातं माझ्याकडे आहे. लाइटबिल भरणं, लोकलचा पास काढणं आणि पासवर्ड विसरणाऱ्यांना बोल लावणं, एवढ्या भांडवलावर मी तज्ज्ञ ठरलो. त्यामुळे काका कापडी पिशवी घेऊन “सातबाऱ्याच्या कामाला तलाठ्याकडे जातोय” म्हणाले, तसं मी त्यांना दारातच अडवलं.

“काका, तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले. आणि 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मोबाइलवर मिळतो. 15 रुपये फक्त!”

“मग काढ,” म्हणत काका चपला न काढताच बसले.

जिल्हा ठाणे टाकला आणि तालुका झोकात उल्हासनगर. गावांच्या यादीत आमचं मांजर्ली काही सापडेना.

“अंबरनाथ,” काका छताकडे बघत म्हणाले.

गट नंबर त्यांना तोंडपाठ होता, पण मला नावानेच शोधायचं होतं. आडनाव टाकताच सगळी भावकी स्क्रीनवर उभी राहिली, ज्यांच्याशी बोलणं बंद आहे तेसुद्धा. शेवटी काकांच्याच गट नंबरावर उतारा उघडला.

“सही-शिक्का कुठाय?”

“लागत नाही! पडताळणी क्रमांक आहे. क्षेत्र बघा, आरमध्ये.”

“आर म्हणजे आपला गुंठाच, चिमूटभर कमी,” काका म्हणाले आणि पिशवीतून हाच उतारा काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. डिजिटल सहीचा. त्यांच्या नातीने काढून दिलेला.

भोगवटादाराच्या रकान्यात आजोबा होते. ते जाऊन दोन तपं झाली, पण महसुलाच्या लेखी अजून जमीन कसतायत. 2025 मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती अशाच कैलासवासी खातेदारांसाठी. काका निघाले होते वारस लावायला.

“तेही ऑनलाइन होतं! ई-हक्क!” माझ्या तोंडून गेलंच.

मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग फेरफार, नोटिशीचे 15 दिवस, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. हे सगळं जमण्यासारखं आहे. पण अर्जात वारस सगळे दाखवावे लागतात, आणि आजोबांच्या मुली गावोगाव दिलेल्या. “ऑनलाइन तुझं खातं ना? मग लाव फोन,” असं म्हणून काकांनी आता कुठे चपला काढल्या.

मोठ्या आत्याने पहिल्याच रिंगला उचलला.

“हक्कसोडपत्रावर मी सही करणार नाही.”

“अगं आत्या, उलट तुझं नाव लावायचंय सातबाऱ्यावर.”

“म्हणजे विकताय,” आत्या म्हणाली. “गुंठ्याला काय भाव आलाय?”