दिलगिरीचा खर्च

हॉटेलवाल्याची माफी आपल्याकडे पूर्वी एका वाक्यात आटपायची: "साहेब, आजच्या दिवस जरा अॅडजस्ट करा." गीझर बंद असो, नाहीतर शेजारच्या खोलीत लग्नाचं वऱ्हाड रात्रभर पत्ते कुटत असो, वाक्य तेच. हल्ली आपण घाट उतरतो न उतरतो तोच मोबाइलवर चार परिच्छेदांची दिलगिरी येऊन धडकते. शेवटी पुढच्या मुक्कामावर दहा टक्के सूट! म्हणजे गार पाण्याने आंघोळ करायला पुन्हा या, असं आग्रहाचं निमंत्रणच. इतकी नितळ दिलगिरी माणसाची नसणार, हे लगेच कळतं. काउंटरवरच्या मॅनेजरला तीनच वाक्यं येतात आणि त्यातली दोन जीएसटीबद्दल असतात.

बिनसलेल्या पाहुण्याची समजूत आता जनरेटिव्ह एआयने काढावी, असा बेत आहे. तक्रार वाचायची, पाहुणा किती तापलाय ते जोखायचं, बरोबर मुलं आहेत की मधुचंद्र आहे हे बुकिंगवरून ताडायचं आणि त्याप्रमाणे फुकट नाश्ता, मोठी खोली, नाहीतर उशिरा चेकआउट द्यायचं. कल्पना वाईट नाही. आमच्या काकूंना स्पाचं कूपन नको असतं. पहाटे साडेपाचला आल्याचा चहा मिळाला, तर त्या हॉटेलचे सगळे गुन्हे पोटात घालतात. एवढं यंत्राला उमगलं तर मी त्याला वाकून नमस्कार करीन.

पण यंत्राची माफी कधी कधी अंगावर येते. जपानात नागासाकी प्रांतात २०१५ साली 'हेन ना' नावाचं रोबोंचं हॉटेल निघालं. खोलीत उशाशी एक बोलकी बाहुली. पाहुणा घोरू लागला की तिला वाटायचं, हा काहीतरी मागतोय. मग ती अदबीने म्हणायची, माफ करा, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगाल का? पाहुणा दचकून जागा. पुन्हा झोप, पुन्हा घोरणं, पुन्हा माफी. २०१९ पर्यंत तिथल्या २४३ रोबोंपैकी निम्म्याहून अधिकांना घरी बसवलं.

महाबळेश्वरच्या एका लॉजमध्ये गीझर रुसला, तेव्हा तिथल्या पोऱ्याने मुदपाकखान्यातून दोन जिने चढून कढत पाण्याची बादली आणली. निम्मं पाणी पायऱ्यांवर, थोडं त्याच्या पायावर. सॉरी वगैरे काही म्हणाला नाही. "अजून एक आणू?" एवढंच. माझा राग तिथेच निवला, कारण माझ्यासाठी कुणाला तरी तोशीस पडली होती. रिट्झ-कार्लटनवाल्यांनी हे हेरलंय. तिथे साध्या कर्मचाऱ्यालाही एका पाहुण्यासाठी २००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असते, साहेबाला न विचारता.

यंत्राला अशी मुभा कोण देणार? एअर कॅनडाच्या चॅटबॉटने आजी वारलेल्या एका प्रवाशाला भाड्यातली सवलत मागाहून मिळेल, असं सांगून टाकलं. कंपनीने हात वर केले: आमचा चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतःच जबाबदार! २०२४ मध्ये कॅनडातल्या लवादाने ते उडवून लावलं आणि कंपनीला पैसे मोजायला लावले. यापुढे यंत्राच्या जिभेवर साखर राहील आणि गल्ल्याची किल्ली मालकाच्या कमरेला. त्यापेक्षा वेटरला दोनशे रुपयांचा अधिकार देऊन पाहा म्हणावं. चिडलेल्या पाहुण्यापुढे तो आधी गरमागरम ऑम्लेट आणून ठेवील. पाहुणा शाकाहारी निघाला, तर तेवढी माफी त्याची तो मागेल.