वाळूवाला

माशांच्या दुकानात शिरल्यावर जो माशांकडे ढुंकूनही पाहत नाही, थेट मागच्या पिशव्यांकडे जातो, चिमूटभर वाळू तळहातावर घेतो आणि खिशातून व्हिनेगरची बाटली काढतो, तो वाळूवाला. दुकान कुर्ल्याचं असो की क्रॉफर्ड मार्केटमधलं, विधी तोच. थेंब पडला आणि वाळू फसफसली, तर ती कॅल्शियम कार्बोनेटची. नाही फसफसली, तर ती साधी सिलिका. पिशवीवर काहीही छापलेलं असो. दुकानदार निवांत बघत उभा असतो. हा आजही काही घेणार नाही, हे त्याला ठाऊक असतं.

वाळूवाल्याच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये चार फुटी टाकी आहे. खाऱ्या पाण्याची. म्हणजे पाणी यायचंय. दिवा, पंप, वेव्हमेकर, मिठाची बादली, सगळं आलं. घोडं पेंड खातंय ते वाळूपाशी. बारीक घ्यावी तर वेव्हमेकर ती उडवून प्रवाळांवर नेऊन बसवणार. जाड घ्यावी तर उरलेलं खाणं फटींत कुजून नायट्रेट चढणार. बरं, थर किती? इंच-दीड इंच दिसायला छान. पण चार-पाच इंच टाकली, तर खाली प्राणवायू पोचत नाही आणि तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन करून टाकतात, फुकटात! फक्त तो थर चुकून ढवळला गेला, तर हायड्रोजन सल्फाइड. "म्हणजे सडक्या अंड्याचा वास," त्याने जेवताना खुलासा केला. "अहो, मग ती टाकी गॅलरीत न्या," एवढंच बोलून वहिनींनी आमटी वाढली.

मध्यंतरी त्याला वैराग्य आलं होतं. वाळूच नको, उघडी काच! साफ करायला सोपी, घाण साचत नाही. पुढे कुणीतरी सांगितलं, की काही रास मासे रात्री वाळूत शिरून झोपतात. झालं. जो मासा अजून विकतही घेतला नाही, त्याची झोपमोड होईल म्हणून हा माणूस रात्रभर तळमळला.

सासर रत्नागिरीचं. सासूबाईंनी आपुलकीने फोन केला, "जावईबापू, आमच्याकडे पांढरा समुद्र आहे, काळा समुद्र आहे. कुठली वाळू पाठवू?" यावर जावईबापूंनी सविस्तर सांगितलं: काळ्या वाळूत इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियम, ते काच पुसायच्या चुंबकाला चिकटणार आणि काचेवर ओरखडे उठणार. शिवाय किनाऱ्यावरची वाळू अशी पिशवीत भरून आणायची नसते, कायदा आहे. प्रवाळाचा चुराही नको. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फणसाची साटं पाठवली.

त्याचा अभ्यास खोटा नाही, हे मात्र मान्य करायला हवं. ॲरागोनाइट वाळू पाण्याचा पीएच आपोआप सांभाळते, असं दुकानदार छातीठोक सांगतात. टाकीतल्या नेहमीच्या ८.१ ते ८.३ पीएचला ती जवळजवळ विरघळतच नाही, हे दुकानदाराला ऐकवणारं गिऱ्हाईक म्हणजे आमचा वाळूवालाच. पण एवढं कळूनही, किंवा एवढं कळल्यामुळेच, टाकी कोरडी. सध्या तीत वहिनी कांदे-बटाटे ठेवतात. तळाला हवा खेळती राहत नाही, अशी त्याची त्यावरही तक्रार आहे.

तुम्हाला खरंच टाकी लावायची असेल, तर एक-दोन मिलिमीटर दाण्याची ॲरागोनाइट घ्या, स्वच्छ धुवा, इंच-दीड इंच पसरा आणि कामाला लागा. हे वाळूवाल्यासमोर मात्र बोलू नका. "धुवा? आणि लाइव्ह सँड असेल तर? जिवाणूंची पिशवी नळाखाली धरणार?" इथून तो सुरुवात करील, आणि तुमची शेवटची लोकल जाईल.