रिमोटचं लायसन

माझं तसं बरं चाललं होतं. निवृत्तीनंतर मुलुंडच्या घरात खिडकीशी बसून पोस्टाची तिकिटं चिकटवत होतो, तेवढ्यात टेक्सासच्या भाच्यानं व्हिडिओ कॉलवर कोल्ट १९११ पिस्तूल नाचवून दाखवलं आणि घात झाला. अमेरिकी सैन्याच्या कोठारात पडून असलेली ही पिस्तुलं २०१८ पासून तिथल्या सामान्य माणसाला विकत मिळतात म्हणे. फक्त अर्ज करायचा आणि सोडतीत नंबर लागायची वाट बघायची. म्हाडाच्या सोडतीत तीनदा अर्ज करून एकदाही नंबर न लागलेल्या माणसाला असलं काही सांगू नये.

मला वेब्ली हवं झालं. मार्क ६, १९१५ सालचं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी कमरेला लावून फिरायचे ते. वजन किलोभराच्या वर, आणि बिजागरीवर मोडून उघडलं की सहाच्या सहा पुंगळ्या एकदम वर येतात. ‘‘मामा, ते पिस्तूल नाही, रिव्हॉल्व्हर आहे,’’ भाचा म्हणाला. असेल. आमच्या मजल्यावर सगळ्याला पिस्तूलच म्हणतात.

ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला आणि १९५९चा शस्त्र कायदा काढला. वेब्लीचा .४५५ बोअर प्रतिबंधित, .३८ प्रतिबंधित, ९ मिलिमीटरही प्रतिबंधित. थोडक्यात, फौजेनं वापरलेलं जे जे मला आवडलं होतं ते ते सगळं. मिळालंच तर .३२ मिळेल, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर माणशी तीनऐवजी दोनच. दोनाला संग्रह कसं म्हणायचं? आमच्याकडे कुकर तीन आहेत.

‘‘पण तुम्हाला धोका कोणापासून आहे?’’ त्यांनी विचारलं. मी खूप आठवून पाहिलं. सोसायटीच्या सेक्रेटरींखेरीज नाव सुचेना, आणि त्यांना मी टाळतो ते थकलेल्या मेंटेनन्समुळे.

पिस्तूल नाही तर नाही, त्याचं म्यान तरी असावं म्हणून एका शुक्रवारी स्लो लोकलनं सँडहर्स्ट रोडला उतरलो आणि चोरबाजारात शिरलो. ग्रामोफोनचे कर्णे, जहाजावरचे दिवे आणि एकेकटे बूट ओलांडत दुपारपर्यंत फिरलो, तेव्हा कुठे एका चादरीवर ते दिसलं. खाकी कॅनव्हासचं, पितळी बटणाचं, आत ब्रिटिश सरकारच्या मालावर असायची ती बाणाची खूण आणि खाली १९४३. चादरवाल्यानं बाराशे सांगितले. मी कसलेल्या गिऱ्हाइकाच्या थाटात नऊशे म्हणालो. तो लगेच ‘‘ले जाओ’’ म्हणाला. तेव्हाच कळलं, तीनशेचं होतं.

घरी हिनं ते आधी नाकाला, मग गरम पाण्याच्या बादलीला लावलं. महायुद्धाची धूळ, तेल, कुणा कॅप्टनचा घाम, सगळं तासाभरात मोरीत गेलं. वाळल्यावर तिनं ते सोफ्याच्या हाताला अडकवलं आणि त्यात टीव्हीचा रिमोट ठेवला. नेमका बसला. म्हणजे बनवणाऱ्यानं रिमोटच डोळ्यांपुढे ठेवला असावा असं वाटण्याइतका.

तरी एका संध्याकाळी बाल्कनीत मी ते पट्ट्याला लावून हात पाय फाकवून उभा राहिलो. वॉचमननं पाहिलं. पुढचं काम वॉचमननं केलं.

पंधरवड्यानं निवडणूक लागली. आचारसंहितेत परवान्याची हत्यारं जमा करून घेतात, हे मला दारात तरुण हवालदार उभा राहिला तेव्हा समजलं.

‘‘काका, तुमच्याकडे वेपन आहे असं कळलं.’’

मी घाबरून थेट १९१५ पासून सुरुवात केली. बिजागरीपर्यंत आलो तेव्हा त्यानं हात वर करून मला थांबवलं. मी म्यान पुढे केलं. त्यानं जपून बटण उघडलं, दोन बोटांनी रिमोट बाहेर काढला. रबरबँड लावलेला, मागचं झाकण गेलेलं.

‘‘अहो, तो देऊ नका हं,’’ ही स्वयंपाकघरातून ओरडली, ‘‘साडेसातला मालिका आहे!’’

त्यानं रिमोट परत जागेवर ठेवला, बटण लावलं आणि म्यान उलटसुलट करून पाहिलं.

‘‘कितीला घेतलं?’’

‘‘नऊशे.’’

इतका वेळ हसू दाबणारा तो पोरगा एकदम गंभीर झाला. त्यानं वही उघडली.

‘‘काका, तक्रार द्यायची आहे का?’’