363 रुग्ण होते कुठे?

डोक्याला जबर मार लागलेला माणूस बेशुद्धावस्थेत आणला की मेंदूची सूज उतरवायला मॅनिटॉलची बाटली लावतात. हे औषध मेंदूतलं पाणी रक्तात खेचून घेतं. डोस कमी पडला तर सूज हटत नाही, फार झाला तर मूत्रपिंडांवर बेततं. डॉक्टर तो ठरवतात जर्नलमधल्या अभ्यासांच्या भरवशावर. म्हणजे तिथे छापलेला आकडा थेट रुग्णाच्या शिरेत उतरतो.

ब्राझीलच्या जुलिओ क्रूझ यांच्या तीन चाचण्या 2001, 2002 आणि 2004 साली प्रसिद्ध झाल्या, त्याही ‘न्यूरोसर्जरी’ आणि ‘जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी’ या दोन मातब्बर जर्नलमध्ये. एकूण रुग्ण 363. निष्कर्ष असा की जास्त डोस दिला तर जास्त जीव वाचतात. जगभरच्या चाचण्या पारखणाऱ्या कॉक्रेननेही तो उचलून धरला.

पुढे लंडनचे प्राध्यापक इयन रॉबर्ट्स यांनी चौकशी आरंभली. क्रूझ 2005 सालीच वारले होते. लेखांवर ज्या विद्यापीठाचं नाव होतं, ते म्हणालं, क्रूझ आमच्या नोकरीत कधीच नव्हते. हे रुग्ण कोणत्या रुग्णालयातले, हे सहलेखकांनाही सांगता येईना. रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2007 साली ‘बीएमजे’त या चाचण्या खरंच झाल्या का, ही शंका जाहीरपणे मांडली. कॉक्रेनच्या आढाव्यातून त्या चाचण्या वगळल्या गेल्या.

विद्यापीठाला एक पत्र टाकलं असतं तर जे कळलं असतं, ते कळायला सहा वर्षं लागली! समीक्षक तक्ते तपासतात, सांख्यिकी तपासतात. रुग्ण खरे होते, हे मात्र गृहीत धरतात. चाचणीची आगाऊ नोंदणी आता बंधनकारक झाली, आणि ते चांगलंच झालं. पण नोंदणीने कळतो तो संशोधकाचा इरादा. रुग्ण दाखल झाल्याचा तो पुरावा नव्हे.

म्हणून संपादकांनी लेख स्वीकारण्याआधी प्रत्येक रुग्णाची नावाविना मूळ नोंद मागावी. रुग्णालयाच्या नैतिकता समितीकडे स्वतः विचारणा करावी. सहलेखकांपैकी प्रत्येकाने रुग्ण कुठे आणि कधी तपासले, हे लिहून घ्यावं. शंका सिद्ध झाली तर लेख मागे घ्यावा, आणि तोवर त्याच्या माथ्यावर ठळक इशारा छापावा. ज्याला हे जमत नाही, त्या जर्नलने डोस सांगू नये.